कच्च्या रांजणावरचं प्लास्टिक

मी, नयन दौलत म्हात्रे, वय एकोणतीस, राहणार कोपर, डोंबिवली पश्चिम, धंदा मातीकाम, आज खडवलीच्या माझ्या शेडमध्ये बसून हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. ते आयुष्यात पहिल्यांदाच आहे असं शेजारी बसलेल्या माझ्या मित्राचं, महेंद्रचं म्हणणं, तेही नोंदवतो. कोणाचा दबाव नाही, नशा नाही. श्वास मात्र कमी पडतो, म्हणून वाक्यं तुटली तर ती माझीच समजावीत.

कारण सांगणं भाग आहे. गुजरातेत एका कारखान्यात, ग्लेझसाठी, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपासाठी, गारगोटी दळतात त्या खोलीत मी दोन हिवाळे काम केलेलं. कोणी पाठवलं नव्हतं. ग्लेझ शिकायचं होतं, आणि खरं तर तिथून कच्छ जवळ पडतं म्हणून गेलेलो. ती पांढरी धूळ फुप्फुसात बसली. नौपाड्यातल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून विचारलं, "सिगरेट?" मी म्हटलं, "नाही, गारगोटी." त्यांनी एक्स-रे पाकिटात सरकवला. मी यातून उठत नाही, हे सगळ्यांना कळलंय, शिवानीला सोडून.

शिवानी देसाई, राहणार ठाणे. वकील म्हणाले, नातं लिहा. काय लिहू? पाच वर्षं ती या शेडमध्ये माझ्यासोबत माती मळते. लग्नाचं विचारलं तेव्हा ती ग्लेझ ढवळत होती. म्हणाली, "आधी हात धू." हात धुतले, मग कोणीतरी आलं, मग ते राहूनच गेलं.

मी आजारी पडलो तेव्हा कोपऱ्यात खांद्याइतका उंच रांजण अर्धा झालेला होता. शिवानीने त्याला प्लास्टिक गुंडाळलं. तेव्हापासून ती ठाण्याहून एक दिवसाआड येते, प्लास्टिक सोडवते, कडेवर पाणी फवारते, परत बांधते, जाते. पुदुच्चेरीच्या एका स्टुडिओने तिला जागा देऊ केली आहे, महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाले. ती जात नाही. का, तर माती वाळेल. हे मृत्युपत्र मुख्यतः त्यासाठी आहे. बाकीचं पटापट उरकतो.

स्थावर. वडिलांच्या वाट्याच्या शेतावर जी बिल्डिंग उभी राहिली तिच्यातली माझ्या नावाची खोली माझ्या पश्चात आईची, बायजाबाईची. आईनंतर थोरला भाऊ कमलेश याची. मधल्या काळात त्याने आईला खोली विकायची भुणभुण लावू नये. हे वाक्य वकिलांनी सौम्य करायला सांगितलेलं, मी केलं नाही.

कमलेशवर माझा एक राग आहे, तोही त्याच्या वाट्याला जावा. माझा एक मोठा रांजण त्याने बिल्डिंगच्या लॉबीत मांडला. आधी त्याच्या भेगा एम-सीलने बुजवल्या, मग सोनेरी रंग मारला, मग आत प्लास्टिकची सूर्यफुलं खोचली. मी म्हटलं, "दादा, भेगा मुद्दाम ठेवल्यात." तो म्हणाला, "अरे येड्या, लोक बोलतील म्हात्र्यांच्या दारात फुटकी भांडी." आई मध्ये पडली ती भलत्याच बाजूने. "आरं, ह्यान पानी नाय र्‍हात, त कनाला केलास?"

त्याचं उत्तर, आई, आता देतो.

मी चाकावर रांजण काढत नाही. मातीची लांब वळी करायची, गोल फिरवून बसवायची, तिच्यावर दुसरी, अंगठ्याने सांधत वर जायचं. यात पहिला नियम, कोरड्यावर ओलं चढवू नये. वाळलेली माती आधीच आकसलेली असते, ओली मागाहून आकसते, आणि जोड सुटतो. नियम मला ठाऊक होता, पण माझं बूड एका जागी टेकत नव्हतं. रांजण गुडघ्याला आला की कोणीतरी फोन करायचं, चल हंपीला, आणि मी निघायचो. परत येईपर्यंत कड पांढरी पडलेली. आधी आधी सगळं मोडून हौदात भिजत घालायचो. एकदा मोडायचाच कंटाळा आला, म्हणून त्या वाळक्या कडेवरच पुढची वळी चढवली. भट्टीतून निघाला तेव्हा नेमकी त्या रेषेत भेग होती, बोलता बोलता थांबलेल्या ओठांसारखी, आणि तिच्यातून पलीकडचा उजेड दिसत होता. मला ती बुजवावीशी वाटली नाही. तेव्हापासून तीच माझी पद्धत. निघताना कड उघडी ठेवायची, आलो की तिथूनच वर. लॉबीतल्या रांजणात हंपीची भेग खाली आहे, कच्छची तिच्यावर. कच्छमध्ये एक म्हातारा होता, तो पायाने माती तुडवताना उंटाशी भांडायचा, आणि तो उंट

महेंद्र म्हणतो, "भावा, मृत्युपत्र आहे, ट्रॅव्हल ब्लॉग नाय."

तर आई, मी घरी नव्हतो त्या त्या जागेतून ते पाणी गळतं. एवढंच.

जंगम. भट्टी, चाळण्या, ग्लेझचे डबे शिवानीचे. मास्कही तिचाच, आणि तिने तो घालावा. माती थापायची माझी फळी मूळची आजोबांची, मिठागरात मीठ ओढायची. ती कमलेशला. त्याने तिला रंग देऊ नये. बँकेत आहे ते दवाखान्याचं, उरलं तर आईचं. माझी सॅक महेंद्र पाटीलला. तो रिक्षा घेऊन कल्याणच्या पुढे गेलेला नाही, परमिटचं कारण सांगतो. सॅकला परमिट लागत नाही.

आता कोपऱ्यातला रांजण. आज सकाळी महेंद्रने मला इथे आणलं. लिहायला बसण्याआधी मी प्लास्टिक सोडलं. सगळं. मला वर हात नेववेना तेव्हा उरलेलं महेंद्रने ओढलं आणि पंखा लावला. शिवानी संध्याकाळी यायची होती, तोवर कड वाळून काम झालं असतं.

ती आत्ताच आली. तिने पर्स खाली ठेवली नाही, सरळ जाऊन कडेला बोट लावलं.

"कधी काढलंस?"

"सकाळी."

"आणि पंखा?"

"वहिनी, तो मी लावला," महेंद्र म्हणाला.

"तू गप रे."

फवाऱ्याची बाटली हातात घेऊन ती उभी राहिली. फवारलं नाही. इतक्या वाळलेल्या कडेवर पाणी मारलं की ती ढलपे सुटून खाली येते, हे तिला माझ्याइतकंच कळतं.

"विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर?"

"नाही म्हटलं असतं."

"म्हणूनच."

"मी तुझ्यासाठी ओला ठेवत होते, नयन."

"माहितीय. मी नाही गं येणार परत त्याच्यावर."

हे मी तिला आज पहिल्यांदा सांगितलं. ती दाराच्या पायरीवर जाऊन बसली आहे, पाठ इकडे.

म्हणून लिहून ठेवतो की, या रांजणावर पुढची वळी कोणीही चढवू नये, शिवानीनेही नाही. तो भाजू नये. त्याला नाव देऊ नये, प्रदर्शनात मांडू नये. तो तिच्या कोणत्याही नोकरीच्या, गावाच्या किंवा माणसाच्या आड येऊ नये. शेडच्या मालकीण रखमाबाईंना जागा परत हवी असेल तेव्हा त्यांनी तो मोडावा, कोणाला न विचारता.

हे सर्व मी वाचून पाहिलं, बरोबर आहे, बदल करायला वेळ नाही.

ठिकाण: खडवली
दिनांक: ११ मार्च २०२५

सही: नयन दौलत म्हात्रे

साक्षीदार:
१. महेंद्र पाटील, रिक्षाचालक, कोपर (सही)
२. रखमाबाई, शेडच्या मालकीण, खडवली (डाव्या हाताचा अंगठा)

शिवानी देसाई, ठाणे, सह्या झाल्या तेव्हा हजर होती. मृत्युपत्र तिला वाचून दाखवलं. पुदुच्चेरीला जाईन असं ती म्हणाली नाही.