अप्पांचं जपान

३ फेब्रुवारी, सोमवार

काचेचं कपाट आलं! आत दिवे. मल्लिनाथने पेढे वाटले — कपाटाचे. माझ्यासाठी या घरात अजून एक धड आरसा आलेला नाही, पण जुन्या व्हिडिओ गेमच्या डब्यांना आता स्वतःचा उजेड आहे. अक्कलकोट रोडच्या आमच्या कारखान्यातली टॉवेलची शोरूम अर्धी रिकामी करून नवरोबा मल्लिनाथ तिथे 'दालन' मांडणार. गिऱ्हाईक टॉवेल घ्यायला येणार आणि गेम बघून जाणार. वा रे धंदा!

मधोमध अप्पांचा डबा. अप्पा म्हणजे माझे सासरे, श्रीमंतअप्पा. मी या घरात आले तेव्हा ते नव्हते, नुसता हार घातलेला फोटो होता. चौऱ्याण्णव साली यंत्रमाग बघायला ते जपानला गेले, काही महिने राहिले आणि येताना मुलासाठी हा गेम घेऊन आले. ही कथा इतक्यांदा ऐकली आहे की विमानात त्यांच्या शेजारी मीच बसले होते असं वाटतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

फलक ठरला. 'सोलापुरातलं पहिलं अस्सल जपानी मशीन.' खाली बारीक — 'अतिदुर्मिळ.' दुर्मिळ का? तर डब्याच्या कुशीला एक बटण आहे, दाबलं की खेळाचा आवाज बंद. असं बटण जगात कुणाच्या मशीनला नाही!

मल्लिनाथ म्हणतो, "खास मॉडेल हाय ते. कंपनीने थोडेच काढले असणार की."

या 'असणार'वर अख्खं दालन उभं आहे.

मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. जुने गेम जमवणारे लोक मला मशीनच्या आतले फोटो पाठवून विचारतात — कुठल्या सालचं, कुठल्या देशाचं, आत कुणी काय छेडछाड केली. कोचीहून विचारतात, नागपूरहून विचारतात. आणि घरातला माणूस? "दाक्षायणी, तू फक्त काच पुसून दे."

८ फेब्रुवारी, शनिवार

सोळाला, रविवारी उद्घाटन. जुने गेम जमवणाऱ्यांच्या पुण्याच्या क्लबचे अभिमन्यू येणार. हा गृहस्थ पांढरे हातमोजे घालून स्क्रू सोडवतो आणि एका शिक्क्यावरून तासभर भांडतो. मागे एकाचं मशीन सगळ्यांसमोर उघडून म्हणाला, "कवच खरं, काळीज खोटं." बिचाऱ्याने ग्रुपच सोडला.

मला धडकी भरली आहे. मल्लिनाथला? "येऊ दे की! बघू दे की जपान!"

९ फेब्रुवारी, रविवार

तो टेंभुर्णीला लग्नाला गेला. मी डबा उघडला.

खरं तर उघडायच्या आधीच कळलं. अस्सल जपानी मशीनच्या दुसऱ्या रिमोटमध्ये माइक असतो. याच्यात माइकची नुसती भोकं — मागे प्लास्टिक! आत तर मजाच. नंबर छापलेल्या वेगवेगळ्या चिप हव्यात, तिथे एकच काळा गोळा, डांबराचा थेंब पडल्यासारखा. डुप्लिकेटची पक्की खूण. शिवाय जपानी मशीन आपल्या टीव्हीवर धड चित्र दाखवत नाही, आणि त्याचा चार्जर आपल्या विजेवर जळून जाईल. मल्लिनाथ तर लहानपणी घरच्या टीव्हीवर, घरच्या प्लगवर खेळलेला! जपान कसलं, डबा फार तर स्टेशन रोडवरून आला असेल.

एकटीच हसले. पोट दुखेपर्यंत.

मग ते 'खास' बटण पाहिलं. भोक तापवलेल्या सळईने पाडलेलं, कडा वितळलेल्या. बटण कुठल्यातरी जुन्या रेडिओचं. आवाजाची तार कापून मधे जोडलेलं. सोल्डर जाडं, पण एकही टोक सैल नाही. फार निगुतीने केलं होतं कुणीतरी.

हसू गेलं. लहान मुलाच्या खेळण्याचा आवाज कुणाला नको झाला होता?

११ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं. भांडण!

"माझ्या बापाला खोटं पाडतेस?"

अहो, बापाला नाही, डब्याला — मी.

"बाप काय नि डबा काय, एकच हाय ते!"

जेवला नाही. कपाटातले दिवे मात्र चालू.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तो कारखान्यात गेल्यावर अव्वांनी हाक मारली. माझ्या सासूबाई, कमलम्मा. चटणीसाठी शेंगा फोडत बसल्या होत्या. कालचं सगळं ऐकलं होतं त्यांनी. मी समोर बसले आणि त्या बटणाचंच विचारलं.

"त्यास्नी आवाज सोसत नव्हता," म्हणाल्या.

अप्पा जपानला गेलेच नव्हते. मिरजेला होते. मनाच्या आजारासाठी, दवाखान्यात. "माग बंद पडला की रडायचे, चालू झाला की कान दाबून बसायचे. लोकास्नी काय सांगू? जपान सांगितलं. लई लांब हाय की, कोण बघायला जातंय!"

डबा अव्वांनीच घेतला, भवानी पेठेतून, अप्पा घरी यायच्या आदल्या दिवशी. पोरगं विचारणार ना, जपानहून काय आणलं? अप्पांना तो आवाजही सोसेना. पण पोराचा खेळ त्यांनी थांबवला नाही. स्वतः बसून बटण जोडलं.

"पोरगं खेळायचं, हे बाजूला बसून बघायचे. आवाज न्हाय, काय न्हाय. लई शांत बसायचे मग."

मी विचारलं, मल्लिनाथला सांगू?

"बिडू," म्हणाल्या कानडीत. सोड. चार शेंगा फोडल्या. मग — "न्हाय, मीच सांगते. पुण्याचा पावणा सांगण्यापरीस मी बरी."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अव्वांनी दार लावून मल्लिनाथला सांगितलं. बाहेर आला, आंघोळ केली, कामाला गेला.

मी टोमणे तयार ठेवले होते. राहिले.

१६ फेब्रुवारी, रविवार

उद्घाटन झालं. अभिमन्यूंनी हातमोजे चढवले, तोवर मल्लिनाथनेच स्क्रू सोडवले. सगळ्यांसमोर.

"हे जपानी न्हाय. डुप्लिकेट हाय. माझ्या आईने भवानी पेठेत घेतलं. अप्पा तेव्हा मनाच्या दवाखान्यात होते. हे बटण त्यांनी माझ्यासाठी बसवलं."

चुलत सासूबाई शेजारणीच्या कानात — "हे चारचौघांत सांगायची काय गरज होती!" एका व्यापाऱ्याने विचारलं, टॉवेलवर आज सूट आहे का. आमचं गाव!

अभिमन्यू वाकून बघत राहिले. "सोल्डर चांगलंय हो," एवढंच म्हणाले. अव्वा पहिल्या रांगेत, मान ताठ.

१७ फेब्रुवारी, सोमवार

चहा घेताना मल्लिनाथने, रोज बीपीच्या म्हणून घेतो त्या गोळ्यांची पट्टी माझ्यासमोर ठेवली. "नाव वाच."

वाचलं. बीपीची नाही.

"अप्पांचंच दुखणं हाय, मला पण. दोन वर्षं झाली."

गुरुवारी डॉक्टरांकडे जायचं आहे. आतापर्यंत एकटाच जायचा. मी रजा टाकली.