टाचणी उचलणाऱ्या कंजूष म्हाताऱ्याच्या आकृतीबाबत

प्रति,
मा. संचालक,
बालचित्रपट विभाग,
मुख्य कार्यालय.

विषय: नाताळच्या गोष्टीवरील नव्या अ‍ॅनिमेशनपटात कंजूष म्हाताऱ्याची जुनी आकृती न वापरण्याबाबत.

संदर्भ: सदर आकृती कायम ठेवण्यास मंजुरी देणारे आपले पत्र.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही आपल्या विभागाच्या चित्रशाखेत मुख्य चित्रकार आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी बर्फाची पोरं एका कंजूष म्हाताऱ्याच्या दारात येऊन मुकाट उभी राहतात, आणि सकाळी तो खिडकी उघडून पेटीतले सगळे वाटून टाकतो, ही जुनी गोष्ट विभागाने आजवर दोनदा पडद्यावर आणली. एकदा माणसांची करून आणि एकदा अगदी लहानग्यांसाठी उंदरांची करून. दोन्हींतला म्हातारा अर्जदाराने काढला आहे. आता तोच म्हातारा तिसऱ्यांदा, संगणकावर, उभा करायचे ठरले आहे. तसे होऊ नये, एवढीच विनंती आहे. कारणे पुढीलप्रमाणे.

१. सदर म्हातारा कल्पनेतला नाही. ते अर्जदाराचे सख्खे काका आहेत. व्यवसायाने शिंपी, आता दुकान बंद, दुकानामागच्या दोन खोल्यांत एकटेच राहतात. आमच्या कामात चालत्या माणसाला समोर ठेवल्याशिवाय चाल जमत नाही. मुदत डोक्यावर आली होती आणि म्हातारा काही केल्या चालेना. तेव्हा अर्जदार काकांकडे सहज म्हणून गेली आणि कोपऱ्यात बसून त्यांची चाल गुपचूप कागदावर उतरवून आणली. डावा खांदा झुकलेला, मान पुढे, नजर जमिनीवर. काकांनी तिला चहा करून दिला होता. तो पीत पीतच हे काम झाले.

२. चित्रपटात सर्वांत जास्त हशा कुठे पिकतो, हे आपणास ठाऊक आहे. दारात भुकेले पोर उभे आहे, आणि म्हातारा त्याच्याकडे ढुंकूनही न बघता जमिनीवर पडलेली एक टाचणी उचलायला वाकतो, ती फुंकतो आणि कॉलरला खोचतो. ही टाचणीसुद्धा काकांचीच. उंदरांच्या चित्रपटात उंदीरही ती शेपटीने उचलतो, आणि त्याचाही डावा खांदा झुकलेला आहे. इथवर कोणाचे लक्ष गेले नसेल, म्हणून मुद्दाम नमूद करीत आहे.

३. पहिल्या खेळाला अर्जदाराने काकांना बोलावून पहिल्या रांगेत बसवले होते. सभागृह पोट धरून हसले, तेव्हा काकाही हसले. खेळ संपल्यावर ते एवढेच म्हणाले, "म्हाताऱ्याचा कोट झकास आहे गं. पण डाव्या बगलेत ओढतोय बघ जरा." अर्जदाराने पुढच्या चित्रपटात कोटाची बगल दुरुस्त केली. माणूस होता तसाच ठेवला.

४. आता मुख्य तक्रार. दर नाताळला हा चित्रपट दाखवला जातो आणि काकांच्या गल्लीतली मुले तो तोंडपाठ म्हणतात. काका दुकानाच्या पायरीवर टाचणी उचलायला वाकले, ते कोणा पोराने पाहिले, आणि तेव्हापासून गल्लीभर त्यांचे नाव 'कंजूषकाका' पडले. पहिल्या वर्षी नाताळच्या आदल्या संध्याकाळी तीन मुले घरच्या पांढऱ्या चादरी गुंडाळून, बर्फाची पोरं होऊन, त्यांच्या दारात मुकाट उभी राहिली. म्हाताऱ्याला सुधारायचे, असा त्यांचा प्रामाणिक हेतू होता. काकांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि म्हणाले, "चादर पायात येतेय की रे. पडशील!" मग खाली बसून एकेकाची चादर दुमडून टाचण्या लावून दिल्या.

५. पुढच्या वर्षी अख्खी गल्ली आली. तोवर काकांनी मापाच्या चादरी शिवून ठेवल्या होत्या. डोळ्यांना भोके पाडून कडेने बारीक टीपसुद्धा मारली होती. जो माणूस सुधारायचा, त्याच्याकडूनच मुले कपडे बेतून घेऊन त्याला घाबरवायला उभी राहतात, असा हा प्रकार आहे. पुढे ती सकाळची वाट बघतात. म्हाताऱ्याने खिडकी उघडून आनंदाने ओरडायला हवे, नाहीतर गोष्ट पुरी होत नाही. म्हणून काका भल्या सकाळी उठतात, गुडघे धरत स्टुलावर चढतात, खिडकी उघडतात आणि ओरडतात. हे वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी फोन करून सांगितले. "अहो, तुमचे काका त्या स्टुलावरून पडतील हो एखाद दिवशी," असे त्या म्हणाल्या. अर्जदाराने "येते बघायला" असे सांगितले आणि ती गेली नाही.

६. टाचणीबद्दल खरी गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. अर्जदाराची आई कामावर जायची, तेव्हा अर्जदाराला दिवसभर काकांच्या दुकानात ठेवले जाई. ती त्या जमिनीवर रांगली, तिथेच अनवाणी चालायला शिकली आणि कापडावर खुणा करायच्या खडूने तिथेच पहिली चित्रे काढली. तिच्या पायात काही जाऊ नये म्हणून काका गिऱ्हाइकाचे माप अर्धवट सोडून टाचणी उचलायला वाकत. वाकून वाकून ती सवयच जडली. हे अर्जदाराला मागाहून कळलेले नाही. चित्र काढताना ठाऊक होते. हशा हमखास होता, म्हणून काढले.

तरी नव्या चित्रपटात टाचणीचा प्रसंग वगळावा, अथवा टाचणीच्या पलीकडे एक रांगणारे मूल दाखवावे. त्यामुळे म्हातारा कंजूष वाटणार नाही आणि गोष्ट कोसळेल, असे आपण म्हणाल. ते अर्जदारास मान्य आहे.

वरील मजकूर सोमवारी लिहिला. ज्याची आकृती बदलायची त्याची संमती असावी, म्हणून अर्जदार काल हा अर्ज आणि संमतीपत्र घेऊन सहीसाठी काकांकडे गेली. ती चपला काढून उंबऱ्यात पाऊल टाकते तोच काका म्हणाले, "थांब, थांब, तिथंच थांब." यंदाच्या चादरी शिवून जमिनीभर टाचण्या सांडल्या होत्या. भिंतीला हात टेकत ते खाली वाकले. एक टाचणी मिळाली. दुसरीपर्यंत हात पोचला नाही, तेव्हा ती त्यांनी पायाने बाजूला सारली आणि म्हणाले, "हां, ये आता."

त्यांनी अर्ज चष्मा लावून वाचला आणि सही केली नाही. "हे कशाला बदलतेस?" म्हणाले. अर्जदाराने सांगितले की, लोकांना तुम्ही कंजूष वाटता. त्यावर काका म्हणाले, "वाटू दे की. चांगल्या म्हाताऱ्याकडे कोण येतं गं? तू तरी किती वर्षांनी आलीस?"

अर्जदाराने अर्जाची घडी घातली. महोदय, मी घातली. मी त्यांचे गल्लीभर हसे करून ठेवले, आणि त्या हशामुळेच वर्षातून एकदा त्यांच्या दारात कोणीतरी उभे राहते. जी उभी राहायला हवी होती ती मी त्या संध्याकाळी दर वर्षी विभागाच्या खेळाला सभागृहात असते, लोक टाचणीला हसतात का ते बघत. मला स्वतःची लाज वाटते. ती कोणत्या शब्दांत सादर करावी, हे कार्यालयीन पद्धतीत सापडले नाही.

सबब, विषयात नमूद केलेली विनंती मी मागे घेत आहे. आकृती आहे तशीच वापरावी. खांदा झुकलेलाच ठेवावा. टाचणीही ठेवावी, आणि हसणाऱ्यांना हसू द्यावे.

त्याऐवजी यंदा नाताळच्या आदल्या दिवशी दुपारपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मला रजा मिळावी. खेळाला माझ्या जागी कोणालाही बसवावे. मुले यायच्या आत मला तिथे पोचायचे आहे, आणि सकाळी ते स्टूल धरायचे आहे.

रजेचे कारण: टाचण्या उचलणे.

आपल्या विभागाची आज्ञाधारक चित्रकार,
आणि शिंपीकाकांची पुतणी,

(सही)

दिनांक: १७ डिसेंबर

सोबत:
१. म्हाताऱ्याच्या चालीची मूळ रेखाटने, एका कागदावर चहाचा डाग.
२. काकांचे संमतीपत्र, सही नसलेले.