डबा रिकामा धाडू नये

प्रिय आई,

सलाम.

नाताळची साफसफाई काढली आहे. आज सकाळी फळीवरच्या मोठ्या पातेल्यामागून शेजारच्या जुबेदाचा कडीचा डबा निघाला आणि माझा सगळा दिवस नासला. करंज्यांचं सारण अर्धवट पडलंय. हात धुऊन तुला लिहायला बसले आहे, कारण दुसऱ्या कुणाला सांगायला गेले तर म्हणतील, एवढ्याशा डब्यापायी काय हे!

पण नुसत्या डब्याचं नाही गं. तुला जाऊन वर्ष होतंय, रविवारी उपासनेनंतर त्याची प्रार्थना आहे आणि मला दोन शब्द बोलायचे आहेत. पाळकसाहेब म्हणाले, "आईच्या विश्वासाबद्दल बोल, शरू." मावशी म्हणते, "तिच्या सेवेबद्दल बोल. दवाखान्यात अर्ध्या पनवेलला सुया टोचल्या तिनं. तिला स्वर्ग नाही मिळायचा तर कुणाला?"

तुला मातीआड करताना पाळकसाहेब म्हणाले होते की तारण कामांनी मिळत नसतं, ते फुकटचं दान आहे. तेव्हापासून मावशी त्यांच्याशी धड बोलत नाही. "म्हणजे जन्मभर दारू ढोसून शेवटच्या दिवशी आमेन म्हणणारा आणि माझी बहीण, दोघं एकाच पंगतीला?" असं तिनं दफनभूमीच्या फाटकातच विचारलं! मला दोघांचाही राग येतो. दोघंही तुझ्याबद्दल छातीठोक बोलतात. तू स्वतः कधी छातीठोक बोललीस का?

संडे स्कूलमध्ये शिकवायचीस मात्र छान. "मुलांनो, कृपा म्हणजे काय? न मागता, न कमावता मिळालेली देणगी." आम्ही ओरडून तेच परत म्हणायचो. आणि घरी आल्यावर? शेजारून वाटीभर कालवण आलं तरी तुझा जीव कासावीस! "आलेलं भांडं रिकामं धाडू नये." काही नसेल तर चमचाभर साखर, पण भांडं रिकामं जाता कामा नये.

जुबेदा तुला पुरून उरली, कारण तिच्या सासूनंही तिला हेच शिकवलं होतं. ईदचा शीरखुर्मा त्या डब्यातून आला की तू त्यात रव्याचे लाडू घालायचीस. ती लाडू काढून घ्यायची आणि सांदणं भरून परत पाठवायची. मग तू आणखी काही. मधल्या मधे खेपा माझ्या! शेवटी एकदा मी वैतागून डबा दोन्ही घरांच्या मधल्या कठड्यावर ठेवला आणि म्हटलं, आता आपापलं बघा. तुम्ही दोघी पदर तोंडाला लावून किती हसलात.

कुवेतची लढाई लागली तेव्हा तिचा नवरा तिकडे अडकला. ना पत्र, ना पैसा, आणि घरात दोन पोरं. तू ड्यूटीवर जायच्या आधी त्यांचा स्वयंपाक करायचीस. डबा जायचा भरलेला आणि यायचा साखर घातलेला. तिच्या घरात साखर उधारीवर येते हे तुला ठाऊक होतं, तरी तू तिला "घालू नकोस" म्हणाली नाहीस. तिचा मान राहायला हवा, म्हणालीस. मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. आता वाटतं, तुला घ्यायचं कसं हे माहीतच नव्हतं, म्हणून तू तिलाही शिकवलं नाहीस.

मग तुझ्या पोटात गाठ निघाली. सिस्टर म्हणून सगळ्यांच्या उशाशी उभी राहणारी तू खाटेवर आलीस, आणि जुबेदा रोज पेज घेऊन येऊ लागली. आई, तू आजारापेक्षा त्या डब्यानंच जास्त हैराण झालीस! ती उठायच्या आधीच खोलीतून तुझा आवाज, "शरू, साखर घातलीस?" तुला कूस वळवता येत नव्हती, पण झाकण वाजलं की कळायचं. मी घालायची. कधी कधी दात-ओठ खाऊन घालायची.

पाळकसाहेब भेटायला आले त्या दिवशी मी दाराशी उभी होते. ते प्रार्थना करून म्हणाले, "सिस्टर, घाबरू नका. त्यानं सगळं केलंय, आपण फक्त घ्यायचं." तू म्हणालीस, "ते खरं, साहेब. पण त्याच्यासमोर हात हलवत कसं जायचं?" ते हसले. त्यांना वाटलं, तू नम्रपणानं बोलतेस. मला तुझे डोळे दिसत होते. तू घाबरली होतीस. ते गेल्यावर मला विचारलंस, "पुरेल का गं, मी केलं ते?" जिनं आम्हाला कृपेची व्याख्या पाठ करायला लावली, तिनं मला हे विचारावं? मी चादर नीट करत बसले.

नंतर मला एक शहाणपण सुचलं. जुबेदा तुला चमच्यानं भरवत होती आणि तू ओठ मिटून माझ्याकडे बघत होतीस. मी म्हटलं, "अगं, घे ना. कुवेतच्या वेळी तू केलंस, ते ती फेडतेय. झाली फिट्टंफाट." तुझा चेहरा लगेच सैल झाला. पण जुबेदानं चमचा खाली ठेवला.

"सिस्टर, मी काय फेडाया येत नाय," ती म्हणाली. "तवा तुमी हिसाब केलेला काय? नाय ना? मंग मलाच कशाला हिसाबात घालता? मला तुमाला भरवायचंय म्हणून भरवते. दुसरं काय नाय."

मी मान खाली घातली. तू तिच्याकडे बघितलंस आणि लहान मुलासारखं तोंड उघडलंस. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पेज गिळत होतीस. मला वाटलं, आता ठसका लागणार. लागला नाही.

ती निघाली तशी मी सवयीनं साखरेची बरणी काढली. आतून तुझा आवाज आला, "राहू दे, शरू. जाऊ दे रिकामा."

आई, मला ते जमलं नाही! जुबेदा हात पुढे करून उभी होती आणि मी म्हटलं, "घासून देते उद्या." दुसऱ्या दिवशी तू गेलीस आणि डबा आमच्याकडेच राहिला.

वर्षभर मी त्या तीन शब्दांना धरून बसले आहे. "जाऊ दे रिकामा." तू थकली होतीस म्हणून म्हणालीस, की तुला काही समजलं होतं? भीती गेली होती का तुझी? आणखी एक वाक्य बोलली असतीस तर काय बिघडलं असतं! एरवी भाजीत मीठ किती घालायचं यावर अर्धा तास बोलायचीस. कधी वाटतं, तू हसत गेलीस. लगेच वाटतं, ही आपणच आपली समजूत घालतोय. स्वयंपाकघरात उभी असताना मध्येच हात थांबतो आणि पुन्हा तेच सुरू होतं.

जुबेदानं डबा एकदाही मागितला नाही. मी मात्र दर सणाला ठरवायची, त्यात काहीतरी भरून देऊ. मग वाटायचं, हे पुरेसं नाही. लाडू? तुझ्या शेवटच्या घासांसाठी लाडू? आणखी चांगलं काही सुचेपर्यंत थांबू, असं करत करत मी तो फळीवर मागे मागे ढकलला. आज तो हातात घेतला आणि कळलं की तुझाच प्रश्न मी वर्षभर विचारते आहे. पुरेल का? कशानं पुरणार होतं, आई?

रविवारी काय बोलायचं ते अजून ठरत नाही. बहुतेक पेजेचं सांगेन. पाळकसाहेबांना आणि मावशीला जो अर्थ काढायचा तो काढू दे. तू कुठे आहेस आणि कशी पोचलीस, हे मला ठामपणे सांगता येणार नाही. पण तू तोंड उघडलंस, ते मी पाहिलं.

आणि एक वचन देते. आज संध्याकाळी, करंज्या तळायला घ्यायच्या आधी, डबा घासून पुसून जुबेदाला देऊन येईन. बरणीकडे हात जाईल, मला माहीत आहे. ती झाकण उघडून बघेलही. बघू दे. आत काही नसेल, साखरेचा एक कणसुद्धा नाही. हात हलवत जाईन, आई.

तुझी,
शरू