बुटात बसवलेला आवाज

कोल्हापूर,
ऑक्टोबर २००४

प्रिय संयू,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र सोमवारी मिळालं. चंदगडचा पाऊस अजून हटत नाही, तुझ्या चिमीचा खोकला कमी आहे, शाळेत यंदा पोरं वाढली, सगळं वाचलं. जावयांना, संग्रामरावांना, दिवाळीत चांगले कातडी बूट घ्यायचेत, काजूच्या बागेत चिखल, जळवा नि साप, म्हणून आबांच्यासारखे दणकट हवेत, तर कातडं कुठलं बघावं, सोबत काय काय घ्यावं, जपावं कसं, ते कळव म्हणालीस. कळवते. पण पत्राच्या शेवटी घाईनं एक ओळ खरडली आहेस, की आबांच्या बुटाला तो करकर आवाज कुणी बसवून दिला होता, यांच्याही बुटाला तसाच बसवून घ्यायचा आहे. संयू, ती ओळ वाचली. त्यानंतर हातातलं काम सुचेना. आधी बुटांचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय त्या ओळीचं उत्तर मला लिहिता येणार नाही.

बूट घ्यायला सकाळी जाऊ नये. दिवसभर चालून पाय जरा फुगतात, तेव्हा संध्याकाळी जावं, आणि जे मोजे रोज घालायचे तेच घालून बूट चढवावा. पुढं अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे, टाच मात्र उचलता कामा नये. कातडं म्हशीचं घ्यावं. जाड असतं, चिखलाला दाद देत नाही. वरून अंगठ्यानं दाबून बघायचं. सुरकुती पडून पुन्हा मिटली तर कातडं चांगलं, पांढरी रेघ तशीच राहिली तर नुसता रंग फासलाय म्हणून समजायचं. तळ शिवलेलाच बघायचा, चिकटवलेला चंदगडच्या एका पावसात जीभ बाहेर काढतो. हे मी शिकले तुझ्या आबांकडून. म्हशींचा दलाल माणूस, हेडी म्हणतात आपल्याकडं. वडगावच्या बाजारापासून मलकापूरपर्यंत म्हशी घ्यायच्या आणि विकायच्या. नुसता हात फिरवून म्हैस किती वेताची ते सांगायचे, जनावराला कधी उगाच काठी लावली नाही. बायकोवर हात टाकताना मात्र तो हात काही बघायचा नाही. हे वाक्य मी आज पहिल्यांदा कागदावर लिहिलं. लिहिल्यावर उठून पाणी प्यायले.

तू चौथीत होतीस तोवर ते कोल्हापुरी पायताणच वापरायचे. आपल्या गावाची खोडच अशी, पायताण करकरलं नाही तर घालणाऱ्याला जेवण जात नाही. कारागीर मुद्दाम तळाच्या दोन थरांत वाळक्या कातड्याची बारीक चीप घालतो, वजन पडलं की ती बोलते. गडी गल्लीच्या तोंडाला आला की घरातल्यांना कळलं पाहिजे, ही ऐट. त्या ऐटीचा मला केवढा आधार होता ते मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. पुढं बेळगावच्या बाजारात त्यांनी कुणा बागायतदाराच्या पायांत घोट्याच्या वर येणारे बूट बघितले आणि इथं येऊन आकाराम कारागिराकडून तसेच शिवून घेतले. तपकिरी रंग, जाड तळ, पितळी बकल. गल्लीतली पोरं बघायला जमली होती. बूट देखणे होते, खोटं कशाला बोलू? पण ते मुके होते.

त्या पहिल्या महिन्यात ते कितीदा तरी माझ्या पाठीमागं येऊन उभे राहिले आणि मला पत्ता नाही. एकदा मी परड्यात शेजारच्या धोंडुबाईशी बोलत हसत होते. हसत होते, एवढाच गुन्हा. एकदा तुझी वेणी घालत होते. त्या दिवशी कंगवा तुझ्या केसांत तसाच अडकून राहिला आणि तू भिंतीकडं तोंड करून उभी राहिलीस. रात्री पडल्या पडल्या माझ्या ध्यानात आलं, इतकी वर्षं मी कानांवर जगत होते. पायताणाची करकर ऐकली की माझे हात आपोआप भराभर चालायचे, पदर सारखा व्हायचा, पाण्याचा तांब्या भरून उंबऱ्यापाशी जायचा, जेवणाचं ताट निघायचं. निम्मा मार तिथंच टळायचा. बुटांनी माझं तेवढंही काढून घेतलं.

मग मी डोकं चालवलं. त्यांचा मूड बघून म्हटलं, बूट झकास आहेत, पण गल्ली म्हणते हेडीसाहेब हल्ली मांजरावाणी येतात नि जातात. झालं! दुसऱ्याच दिवशी त्यांनी बूट काढून माझ्याकडं दिले आणि म्हणाले, "आकारामाला सांग, नाद आला पायजे की!" मी घेऊन गेले. आकाराम हसायलाच लागला, "वैनी, बुटात आवाज कोन बसवत न्हाय." मी म्हटलं, बसवा, माझ्यासाठी बसवा. त्याची नजर माझ्या मनगटावर गेली. मी पदर ओढून घेतला. त्यानं मान खाली घातली नि तळ उसवायला घेतला. दोन्ही बुटांत बसवून दिला, आणि चांगला मोठा.

तेव्हापासून गल्लीच्या कोपऱ्यावरच्या नळापाशी ते आले की मला कळायचं. नुसतं आलेत एवढंच नाही, कसे आलेत तेही. दोन्ही पाय सारखे वाजले तर सौदा जमलाय, गप्प जेवतील. एक पाय ओढत आला तर पिऊन आलेत. वाजता वाजता थांबले तर कुणाशी तरी भांडणं काढलीत आणि ती घरापर्यंत येणार. पाय ओढल्याचा आवाज आला की मी तुझ्या हातात भांडं द्यायची, जा, धोंडुबाईकडून विरजण घेऊन ये. तू चिडायचीस, रोज रोज विरजण कशाला लागतं म्हणून. आपल्या घरात विरजण कधीच संपलं नव्हतं, संयू. धोंडुबाईला ठाऊक होतं. ती तुला भाकरी वाढायची, गोष्टी सांगत बसवून ठेवायची, आणि आपल्या घरातलं सगळं गप्प झालं की मग भांडं भरून पाठवायची. त्या बाईचे उपकार फेडायचे म्हटले तरी फिटायचे नाहीत.

आता बुटांची निगा, कारण तीही त्यातच आली. भिजलेले बूट चुलीपाशी ठेवू नयेत, कातडं तडकतं. आत जुना पेपर कोंबून सावलीत ठेवावेत आणि पेपर ओला झाला की बदलावा. चिखल वाळल्यावर काथ्याच्या ब्रशनं काढावा, मग ओल्या फडक्यानं पुसावं. महिन्यातून एकदा एरंडेल आणि थोडं मेण गरम करून बोटानं चोळावं, टाक्यांवर जास्त. तेल तळाला लागू देऊ नये. लागलं की तळ मऊ पडतो आणि आवाज बसतो. मी तेल लावताना तळाच्या कडेला फडकं गुंडाळायची ते एवढ्यासाठी. पावसाळ्यात बुरशी धरते, तेव्हा आत कडुनिंबाचा पाला घालून ठेवावा. सोबत नाड्यांचा एक जादा जोड, जाड लोकरी मोजे, आत घालायला काढता येईल असा कातडी तळवा आणि टाचेला लोखंडी नाल एवढं घ्यावं, बाकी दुकानदार गळ्यात मारतात ते घेऊ नये. बघ, किती माहिती आहे तुझ्या आईला! तू नववीत असताना एकदा मला म्हणाली होतीस, आई, देवघरातल्या देवांना तू एवढं घासत नाहीस, तेवढं त्या बुटांना घासतेस, मी माझ्या नवऱ्याच्या बुटाला हातसुद्धा लावणार नाही. मी हसले होते. तुला वाटलं असेल, हिला काही मानपानच नाही. मी बूट घासत नव्हते गं, आवाज जपत होते.

पण तो आवाज तरी कुठला भरवशाचा? तू दहावीला होतीस तो पाऊस आठव. पंचगंगा पात्राबाहेर आली होती, मलकापूरचा रस्ता दोन दिवस बंद होता, वाटेत त्यांची एक म्हैस मेली होती. मी पाट्यावर वाटण वाटत होते. बूट इतके भिजले होते की आतली चीप फुगून गप्प बसली. करकर नाही, चिखलानं नालाचाही आवाज नाही, काहीच नाही. नुसता अंधार झाला म्हणून मी वर बघितलं, तर ते दारात होते, हातात म्हशीची काठी. तू माडीवर अभ्यास करत होतीस. खाली आलीस तेव्हा मी म्हटलं, पाय घसरून पाट्यावर आपटले. डॉक्टरांनाही तेच सांगितलं. डावा कान गेला तो गेलाच. फडकं ओलं करून आणलंस, माझ्या कानाला लावलंस, आणि भांडं घेऊन आपणहून धोंडुबाईकडं निघून गेलीस. विरजण आण म्हणून मी सांगितलंच नव्हतं.

तू म्हणशील, मग तू राहिलीस का? गेले होते की. तू पोटात असताना कोडोलीला माहेरी गेले होते, तू रांगत असतानाही गेले होते. दोन्ही वेळा तुझे हंबीररावमामा एसटीनं मला परत सोडून गेले. दुसऱ्या वेळी उंबऱ्यातूनच म्हणाले, "नांदायला दिलीया तुला, पळायला न्हाय." आई म्हणाली, पदरी पडलं पवित्र झालं. मामांचा राग धरत नाही आता, त्यांनाही तसंच शिकवलेलं. पण तिसऱ्यांदा जायचं माझ्यानं झालं नाही, आणि मी बुटांच्या मागं लागले. मला वाटायचं मी फार हुशारी केली. आवाज आला की तुला काढून देत होते, ताट वाढत होते, दिवस निघत होते. तो माणूस काही थांबत नव्हता. आधी कळत होतं, एवढंच. तुझ्या लग्नानंतर वर्षभरात ते गेले, बूट मी भंगारवाल्याला देऊन टाकले. अजून तालमीतलं एखादं पोरगं करकरत गेलं की माझा हात भांड्याकडं जातो. स्वतःचीच लाज वाटते.

तुझ्या पत्रातली ती ओळ मी परत परत वाचली. तुला हे सगळं तेव्हाच ठाऊक होतं, की आता कळलं? दोन्हीत वाईट कुठलं ते मला ठरवता येईना. फोनवर हल्ली तू नुसतं हो, बरं, ठेवते, एवढंच बोलतेस, मागं कुणी उभं असल्यावाणी. गौरीला आलीस तेव्हा त्या उकाड्यात लांब बाह्यांचा ब्लाऊज होता, आणि मी विचारलं नाही. मीच विचारलं नाही, जिला सगळं विचारायला पाहिजे होतं! गौरीच्या पुढ्यात बसून तुझ्या बांगड्यांचं कौतुक करत राहिले.

म्हणून हे पत्र घरी न पाठवता तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकते आहे. आकाराम आहे, त्याचं दुकानही आहे, पण मी तुला त्याच्याकडं पाठवणार नाही. ऐटीसाठी आवाज हवा असता तर संग्रामरावांनी मागितला असता, तो तुला हवा आहे. तो बसवायची पाळी आली म्हणजे तिथून निघायची वेळ झाली, पोरी. पुढच्या शुक्रवारी सकाळच्या गाडीनं मी चंदगडला येते. मधल्या सुट्टीत चिमीला घेऊन शाळेतून सरळ स्टँडवर ये. कपडे, भांडी, दागिने काही आणू नकोस, तुझी सर्टिफिकिटं तेवढी आण. स्टँडवर दिसली नाहीस तर मी घरी येईन, आणि तुला घेतल्याशिवाय उठणार नाही. नोकरीचं मागाहून बघू. मामांना मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही. गल्ली काय म्हणेल याची काळजी करू नकोस. गल्लीला तो करकर आवाज ऐकू येत होता आणि त्यानंतरचाही येत होता, तेव्हा कुणी काही म्हणालं नाही. माझ्या दारातून तुला परत सोडायला कुणी निघणार नाही. आणि एक, इकडं सगळं बरं आहे, काळजी नसावी, असं उलट टपाली लिहू नकोस. तसली पत्रं मी माझ्या आईला कोडोलीला वर्षानुवर्षं लिहिली, आणि ती बिचारी ते खरं धरून गेली.

शुक्रवारी भेटतेच,
तुझीच,
आई