दुसरी पसंती

आबा, आपल्या दारापुढच्या गटाराचं पाणी परवा एकदाचं उताराकडे वाहू लागलं. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तरी हे सांगायला दुसरं कुणी सुचेना. ते गटार उलटं बांधणारा कंत्राटदार आपल्या वॉर्डातून निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा त्याला पाडायला डॉक्टर पुढे आले. तुम्ही त्यांचाच प्रचार करणार होतात. पण त्यांच्या बैठकीत तुम्ही गटाराचा उतार समजावू लागलात आणि ते म्हणाले, आधी चहा घ्या. तेवढ्यावरून तुम्ही, लोणावळ्याच्या इंजिन शेडमधून निवृत्त झालेले फिटर, स्वतःच अर्ज भरून आलात.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. मतदारांच्या यादीत माझंही नाव होतं. मी म्हटलं, जागा एकच आहे, तुम्ही दोघंही कंत्राटदाराच्या विरोधातले, तुम्ही डॉक्टरांचीच मतं खाल. तुम्ही भाकरी मोडता मोडता थांबलात. "मला पडलेली मतं त्यांची कशी? ती माजीच न्हाईत का?"

मोजणीला तुमच्या बाजूनं मीच बसले. कंत्राटदार दोनशे चार, डॉक्टर एकशे शहाण्णव, तुम्ही एकोणीस. एकोणीस म्हणजे काय थोडी झाली, असं म्हणत तुम्ही आनंदात घरी आलात. आईनं विचारलं, मग गटाराचं काय? तेव्हा कुठे तुमचा चेहरा उतरला.

पुढे आठवडाभर तुम्ही ओट्यावर चिंचोके मांडून बसता. प्रत्येकानं पहिली पसंती सांगावी, दुसरीही सांगावी. जो तळाला राहील त्याचे चिंचोके दुसऱ्या पसंतीच्या ढिगात सरकवायचे. दर वेळी डॉक्टर निवडून येतात. तुम्ही तसा अर्ज लिहून कचेरीत नेता. कारकून तो दोनदा वाचतो आणि म्हणतो, आबा, इथं लोकांना एक खूण धड करता येत नाही. मग तुम्ही आपल्या मतदारांची दुसरी पसंती विचारत गावभर फिरता, आणि तुम्हालाच मत दिलं म्हणणारे एकतीस जण भेटतात. तुम्ही एकावरही रागावला नाहीत. "माज्यासाठी बारा जण खोटं बोलली," तुम्ही आईला म्हणालात, "माणसं लय चांगली हायेत."

सगळ्यात शेवटी तुम्ही मला विचारलंत. दुसरी पसंती डॉक्टर, मी म्हणाले, आणि तुम्ही समाधानानं एक चिंचोका त्यांच्या ढिगात सरकवलात.

हा कागद पाठवणार कुठे? वहीतच राहील. आबा, माझी दुसरी पसंती तुम्ही होतात.