कोणी पाहिलं नव्हतं

२२ ऑगस्ट
पल्लवी सकाळच्या जीपने यवतमाळला गेली. गुडघ्याला पट्टा होताच. कबड्डी सुटली, पट्टा सुटला नाही. विषाणूंच्या प्रयोगशाळेत लागून पाच महिने होतील. पुढच्या महिन्यात ठरवतील, कायम ठेवायचं की नाही. ऑपरेशननंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची पोरगी. देवाने उभी केली. आणखी काय पाहिजे.
महालक्ष्मीसाठी तेल आणलं. वाती घरच्याच पुरतील.

२८ ऑगस्ट
प.चा फोन. "आई, महालक्ष्मीले एकच दिवस येतो. बाटलीतल्या पेशींले वेळेवर खाऊ द्या लागते, नाही तं मरतात." त्या जिवंत पेशींवर विषाणू वाढवून पाहतात म्हणे. हे हसले, "तुह्या घरी दोन महालक्ष्म्या, तिच्या घरी बाटलीभर!" मला पटलं. उपाशी कोणालाच ठेवू नये.

१ सप्टें.
महालक्ष्मीचं जेवण. प. आली, तोंड उतरलेलं. आंबीलही ताटात तशीच ठेवली. भांडी घासताना बोलली. शनिवारी पेशींची बाटली उघडताना हातमोजा बाटलीच्या तोंडाला लागला, म्हणजे बाहेरचे जंतू आत गेले असतील. कोणी पाहिलं नव्हतं. हिने आपणहून मॅडमना सांगितलं. कित्येक दिवसांचं काम फेकलं, सोबतच्या स्मिताचंही.
मी चिडले, "काहून सांगतलं वो बाई? याच महिन्यात तं ठरते तुहं!"
"लागलं तं लागलं. मैदानावर पंचाले नाही दिसलं तरी हात वर करून बाहेर जातच होतो ना मी?"
"तिथं आपल्या गड्यानं गुण आणला का तू परत आत. इथं कोण आणते?"
ताट विसळून पालथं घातलं, मग हळूच, "त्या बाटलीचं उत्तर सगळ्याईनं खरं मानलं असतं, आई."


२ सप्टें.
प. पहाटेच गेली. स्मितासाठी पुरणपोळ्या वेगळ्या बांधल्या. ती हिच्याशी बोलत नाही.
विसर्जनाआधी महालक्ष्मीपुढे नोकरी मागायला उभी राहिले. हात जोडले, आणि तोंडून निघाले ते आभारच. अशी पोरगी दिलीस म्हणून...

९ सप्टें.
प.चा फोन. मॅडमनी नव्या बाटल्या दिल्या, तिच्याच हाताने करायला. नोकरीचा विषय नाही. स्मिता अजून अबोलच. पेशी मात्र तळाला धरल्या, म्हणजे जगल्या.
विचारलं, "भेव नाही वाटत तुले?"
"वाट्टे ना. हातमोजे घालेपर्यंत वाट्टे. मंग हात कामात राह्यते."