चिंध्या बांधलेली बोटं

धुळे, मंगळवार संध्याकाळ

'ममता आणि निरागसता' हा विषय कॉलेजच्या प्रदर्शनासाठी सरांनीच दिला होता. मी आईचं चित्र काढलं. मांडीवर आमचं करडू, बोटांना चिंध्या. कापूस वेचताना बोंडं टोचतात म्हणून ती गुंडाळते, अगदी तशाच. महिनाभर त्या चिंध्याच रंगवत होते.

काल सरांनी त्यांवर गोरी, गुळगुळीत बोटं काढली. म्हणे, "आई कोमल दिसली पाहिजे गं, मजूर नाही." मी गप्प! घरातली पहिली पदवी गप्प बसायला घेतेय का?

आज आई शिंदखेड्याहून खास चित्र बघायला कॉलेजात आली. बराच वेळ चित्रासमोर उभी राहिली. "हाई कोन शे व? तोंड मन्हं शे, हात कोना शेतस?" तोंड तिचं, मग हात कोणाचे, असं विचारून तिने स्वतःचे हात पदराखाली घेतले.

ते पदराखाली घेणं! मला सहनच झालं नाही. सरांचा रंग ओला होता, खालचा माझा वाळलेला. टर्पेंटाइनचं फडकं घेऊन सगळ्यांदेखत पुसला. खालच्या चिंध्या जशाच्या तशा निघाल्या.

सर ओरडले, "हे चित्र प्रदर्शनात लागणार नाही!"

"नका लावू," म्हटलं.

चित्र उचलताना दुसरी बाजू आईने धरली. दोन्ही हात पदराबाहेर काढून.